रामनाथ पद्धतीचा आहार

माणूस अन्नावर जगतो, ही समजूत फार जुनी आहे. प्रत्यक्षात माणूस तक्त्यावर जगतो. अन्न हे मुळात तक्त्याच्या रकान्यात भरायचं असतं, आणि उरलंच तर पोटात. हे कळायला मानवजातीला काही हजार वर्षं लागली. भाईंदर पूर्वेच्या गोडदेव भागातल्या नवकिरण सहकारी गृहनिर्माण संस्थेला ते २००६ सालच्या जूनमधल्या एका रविवारी, सव्वाअकरा वाजता कळलं. (सभा साडेदहाची होती. गणसंख्येअभावी पाव तास तहकूब करावी लागली.)

या शोधाचं मूळ संस्थेचे सेक्रेटरी शशिकांत तळवडेकर यांच्या छातीत होतं. तळवडेकर फोर्टातल्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. डिलाईल रोडची चाळ सोडून भाईंदरला येऊन त्यांना आठ वर्षं झाली होती आणि या आठ वर्षांत त्यांनी तीन गोष्टी कधी चुकवल्या नव्हत्या: कचेरीचं मस्टर, संस्थेची सभा आणि बुधवार, शुक्रवार, रविवारची मच्छी. एप्रिलमध्ये एकदा मस्टरवर सही करतानाच त्यांच्या छातीत जळजळलं. सहकाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून खाली आणलं. कार्डिओग्राम काढला. डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली, परत ठेवली आणि म्हणाले, "वेळेवर जेवा, तळलेलं कमी करा, रोज चाला."

एवढंच. एवढ्या मोठ्या कळेला अवघा सात शब्दांचा सल्ला मिळावा, याचं तळवडेकरांना मनापासून वाईट वाटलं. त्यात फाइल नव्हती, रकाने नव्हते, कुणाची सही नव्हती. घरी आल्यावर त्यांनी पत्नीला, सुचेताला, तो सांगितला. तीही म्हणाली, "अहो, हे तर मी वीस वर्षं सांगतेय." त्यामुळे तर त्या सल्ल्याची उरलीसुरली किंमतही गेली.

म्हणून त्यांनी बी विंगमधल्या नीलिमा मॅडमचं व्याख्यान ठेवलं. नीलिमा मॅडमनी गृहविज्ञानाची पदवी घेतली होती, वर आहारशास्त्राचा अभ्यासक्रम केला होता, आणि त्यांना विषय खरोखरच कळत होता. (पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष एवढाच धरता येईल.) त्यांनी फळ्यावर एक मनोरा काढला. तळाला धान्य: भात, पोळी, भाकरी. त्यावर भाज्या आणि फळं, भरपूर. त्यावर डाळी, दूध, अंडी, मासे. टोकाला तेल, तूप, साखर, अगदी चिमूटभर. मीठ दिवसाला एक छोटा चमचा. जेवण वेळेवर, भुकेइतकं, सावकाश चावून. व्याख्यान इतकं सोपं आणि बिनचूक होतं, की ते ऐकून लोक तसेच घरी जाऊन तसं जेवू लागतील, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा सव्वाअकरा वाजता सभापतींनी हस्तक्षेप केला आणि समिती नेमली.

समितीचं अध्यक्षपद भूपेशभाईंकडे आलं. ते संस्थेचे चेअरमन होतेच, शिवाय स्टेशनसमोर त्यांचं फरसाणाचं दुकान होतं, म्हणजे आहाराच्या क्षेत्रात तीस वर्षांचा अनुभव होता. माणूस मोकळा, हसरा, दिवाळीला प्रत्येक घरी पाकीट पाठवणारा. तळवडेकर सचिव झाले. नीलिमा मॅडमना विषय येत असल्याने त्यांना विशेष निमंत्रित करण्यात आलं, म्हणजे त्यांनी बोलायचं, मत द्यायचं नाही.

समितीच्या पहिल्या तीन बैठका वाटीवर झाल्या. मॅडमच्या कागदावर सगळीकडे 'एक वाटी' असं लिहिलं होतं. पण कोणाची वाटी? ए विंगमध्ये वाटी म्हणजे आमटीची, बी विंगमध्ये वाटी म्हणजे श्रीखंडाची. एका सदस्याने घरून आणलेल्या वाटीत दुसऱ्या सदस्याच्या दोन वाट्या आरामात बसल्या आणि वातावरण काही काळ तंग झालं. अखेर तळवडेकरांच्या लग्नात आलेल्या सहा वाट्यांपैकी एक 'प्रमाण वाटी' म्हणून स्वीकारली गेली आणि संस्थेच्या कपाटात कुलूपबंद झाली. सुचेताच्या घरात त्या दिवसापासून पाचच वाट्या उरल्या. तिने नवऱ्याला आमटी भांड्यातून प्यायला दिली.

चौथी बैठक माशांवर झाली. आकडेवारी अशी होती: अठ्ठेचाळीस घरांपैकी मासे खाणारी सतरा, न खाणारी अकरा, आणि 'बाहेर खातो, पण नोंद नको' अशी वीस. तक्रार एकाचीही नव्हती. मात्र तक्रार येऊ शकते, अशी तक्रार भूपेशभाईंनी मांडली. तक्ता प्रत्येक मजल्यावर लागणार, न खाणाऱ्यांच्या दारासमोरही लागणार. मग सकाळी दार उघडल्या उघडल्या 'मासे' वाचून कोणाचं मन दुखावलं तर? नीलिमा मॅडम म्हणाल्या, शास्त्राप्रमाणे ज्यांना चालतं त्यांनी खावं, ज्यांना चालत नाही त्यांनी डाळी खाव्यात, दोन्ही लिहू. यावर एक सदस्य म्हणाला की शास्त्र आपल्या जागी आहे, पण सोसायटी रजिस्टर्ड आहे. मासे खोडले गेले. अंड्यांबद्दल बराच वेळ कोणी बोललं नाही, तेव्हा तीही खोडली गेली.

आता मनोऱ्याच्या तिसऱ्या पायरीवर मोकळी जागा पडली आणि छपाईच्या दृष्टीने ती वाईट दिसू लागली. छपाई भूपेशभाईंच्या दुकानातर्फे व्हायची होती. जागा भरण्यासाठी तिथे 'भाजलेला चिवडा (कमी तेलाचा)' घालण्यात आला.

तळवडेकरांनी त्या तक्त्यावर सही केली. करताना त्यांना जरा चुकल्यासारखं झालं, नाही असं नाही. पण तक्त्याच्या तळाशी ठळक टायपात 'श. वि. तळवडेकर, सेक्रेटरी' असं आधीच जुळवलेलं होतं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांचं नाव पहिल्यांदाच इतक्या मोठ्या अक्षरांत छापून येत होतं, आणि तेही चार रंगांत. शिवाय त्यांनी मनाशी हिशेब मांडला, तक्ता जिन्यात, चूल घरात. रविवारी सुरमई मिळाली म्हणजे झालं.

पण तर्कशास्त्र एकदा चालू लागलं की जिन्यात थांबत नाही. जे तक्त्यात नाही ते संस्थेत नाही. जे संस्थेत नाही ते विकायला गेटातून आत येणं नियमबाह्य आहे. जूनअखेर परिपत्रक क्रमांक अकरा निघालं: 'तक्त्याबाहेरील खाद्यवस्तूंच्या विक्रेत्यांस आवारात व गेटपासून वीस फुटांत मज्जाव आहे. तसेच असे पदार्थ संस्थेच्या सामाईक जागेत खाऊ नयेत.' परिपत्रकात मच्छी हा शब्द कुठेही नव्हता. त्यामुळे ते कोणाच्याही विरुद्ध नव्हतं.

गेटपासून वीस फुटांत मच्छी घेऊन येणारी व्यक्ती एकच होती, पश्चिमेकडच्या मुर्धा गावची कृष्णाबाई. ती गेली सहा वर्षं दुपारी साडेबाराला टोपली घेऊन यायची. तळवडेकरांना भाऊ म्हणायची आणि सुचेताला बोंबील निवडून द्यायची. सगळी विक्री आटोपली की गेटच्या केबिनमध्ये जाऊन बसायची, कारण केबिनमधला वॉचमन रामनाथ हा तिचा नवरा होता.

रामनाथ पूर्वी मिठागरावर कामाला होता. मिठागर बंद पडलं, तेव्हा तो नवकिरणच्या गेटवर आला. ड्युटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. मुर्ध्याहून पूर्वेला पोचायचं तर साडेपाचला निघावं लागे, तेव्हा घरची चूल पेटलेली नसे. नियम चौदाप्रमाणे (एकदा बी विंगमधली सायकल चोरीला गेली होती) त्याला गेट क्षणभरही सोडता येत नसे. त्यामुळे सून नऊ वाजता भाकऱ्या थापायची, भात-कालवण करायची, आणि तो डबा कृष्णाबाईच्या टोपलीबरोबर फिरत फिरत दुपारी एक वाजता नवऱ्यापर्यंत पोचायचा. दोघं केबिनमध्ये समोरासमोर बसून जेवायची. गाडी आली की रामनाथ उजवा हात वर धरून डाव्या हाताने गेट उघडायचा आणि परत घासावर बसायचा. हे सहा वर्षं चाललं होतं आणि कोणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं, कारण दुपारी एक वाजता संस्थेत डोळे उघडे असलेला माणूस तो एकटाच असे.

परिपत्रक लावायचं काम नियमाप्रमाणे वॉचमनचं. तळवडेकरांनी शनिवारी दुपारी ते रामनाथच्या हातात दिलं. त्याला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं. त्याने ते बोट फिरवत दोनदा वाचलं आणि डिंक आहे का विचारलं. डिंक संपला होता. तेव्हा त्याने समोर उघड्या असलेल्या डब्यातली भाताची चार शितं घेतली, कागदाच्या चार कोपऱ्यांवर चुरडली, आणि परिपत्रक केबिनच्या काचेवर नीट, सरळ चिकटवलं. कृष्णाबाई आत बसलेलीच होती. काय लिहिलंय, असं तिने विचारलं. रामनाथने सांगितलं.

ती उठून बाहेर आली आणि तळवडेकरांना म्हणाली की भाऊ, मी येऊ नको का. तळवडेकरांनी तिला समजावलं, की यात वैयक्तिक काही नाही, हा शास्त्रीय निर्णय आहे, समितीचा आहे, आणि तिच्याबद्दल संस्थेला पूर्ण आदर आहे. ती ऐकून घेत होती. आदर म्हणजे काय, ते तिला कळलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही. टोपली डोक्यावर घेतली आणि खारीगावाच्या दिशेने चालू लागली. पुढच्या पंधरवड्यात शेजारच्या चार सोसायट्यांनी नवकिरणचं परिपत्रक नाव बदलून जसंच्या तसं लावलं (चांगल्या कामाचा प्रसार असा आपोआप होतो), आणि कृष्णाबाईने ही बाजू सोडून मीरा रोड धरला. टोपली तिकडे गेली, तसा डबाही तिकडे गेला.

जुलैच्या पहिल्या रविवारी वजनाचा काटा आला. आहार पाळणाऱ्या प्रत्येकाचं वजन बारा रविवार घ्यायचं आणि सर्वाधिक उतरलेल्या सभासदाचा सत्कार करायचा, असं ठरलं होतं. काटा दर रविवारी कपाटातून काढून अंगणात आणायचं काम रामनाथचं. काटा नीट चालतो की नाही हे बघायला आधी त्यालाच त्यावर उभं करत. तो आकडा तळवडेकर वहीत 'चाचणी' या रकान्यात लिहीत, आणि मग खऱ्या माणसांची वजनं सुरू होत.

संस्था आहाराला लागली. सकाळी जिन्यात मोड आलेल्या मुगांचा वास येऊ लागला. माणसं घास बत्तीस वेळा चावू लागली, त्यामुळे घराघरांतलं संभाषण थांबलं आणि दोन जुनी भांडणं मिटली. तिसऱ्या पायरीवरचा चिवडा मात्र सर्वांनी विशेष निष्ठेने पाळला. प्रमाण किती ते छापायचं राहिलं होतं. नीलिमा मॅडम एकदा तळवडेकरांना जिन्यात गाठून म्हणाल्या, की लोक जेवण कमी करून चिवडा खातायत, हे उलटं होतंय, एखादी सूचना लावूया. तळवडेकरांनी त्यांना लेखी द्यायला सांगितलं. त्यांनी दिलं. ते फाइलला लागलं.

खुद्द तळवडेकरांनी तीन आठवडे मूग खाल्ले. चौथ्या आठवड्यात कचेरीजवळच्या एका खानावळीच्या पायऱ्या त्यांच्याकडून आपोआप चढल्या गेल्या, आणि तिथून पुढे ते बुधवार, शुक्रवार तिथेच सुरमई खाऊ लागले, तळलेली. घरी आल्यावर मूग होतेच. म्हणजे आहार दुप्पट झाला, पण नोंद एकाचीच झाली. एका शुक्रवारी सुचेताने त्यांचा शर्ट धुवायला घेताना हुंगला आणि म्हणाली, "तुमच्या मुगाला मस्त कोकमाचा वास येतोय." तळवडेकर बत्तीस वेळा चावत राहिले.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी वहीची बेरीज झाली. भूपेशभाई दोन किलो वाढले होते. तळवडेकर दीड. बी विंगचा तळमजला घरटी तीन. एका गृहस्थाचं वजन आठशे ग्रॅमने कमी भरलं होतं, पण त्यांनी मध्यंतरी दाढी-मिशी आणि केस काढल्याचं निष्पन्न झाल्यावर त्यांचं नाव वगळण्यात आलं. एकूण संस्था एकसष्ट किलोंनी वाढली होती. सत्काराच्या नारळाचा प्रश्न उभा राहिला. मग कोणाचीतरी नजर 'चाचणी' या रकान्यावर गेली. तिथले आकडे बाराही आठवडे, एकदाही न चुकता, खाली खाली आले होते.

पहिला संशय अर्थातच काट्यावर आला. मेकॅनिक बोलावला. त्याने पोतं ठेवून पाहिलं, दगड ठेवून पाहिला, भूपेशभाईंना उभं करून पाहिलं, आणि काटा चोख असल्याचा दाखला दिला. तेव्हा दुसरा निष्कर्ष काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही: संस्थेत आहाराचं तंत्र जर कोणाला खरं साधलं असेल, तर ते वॉचमनला. तो सभासद नाही, हा मुद्दा निघाला, पण भूपेशभाई मोठ्या मनाचे. ते म्हणाले, आरोग्यात आपण भेदभाव करत नाही.

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या. रामनाथला मंचावर बोलावलं. (तेवढा वेळ गेटला कुलूप घालण्यात आलं.) गणवेश त्याला दोन मापांनी मोठा झाला होता आणि पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं, ते सगळ्यांनी कौतुकाने पाहिलं. शाल, नारळ आणि भूपेशभाईंच्या दुकानातर्फे अर्ध्या किलोचं चिवड्याचं पाकीट असा सत्कार झाला. मग भूपेशभाईंनी माईक त्याच्यापुढे धरला आणि त्याला विनंती केली की आपल्या यशाचं रहस्य सांगावं, दिवसभरात काय काय घेतो ते सविस्तर सांगावं. बायकांनी वह्या काढल्या.

रामनाथने माईककडे पाहिलं. "सकाळी चाय," तो म्हणाला. "दुपारी न्हाय. रातच्याला जे हाय ते."

टाळ्या झाल्या. इतक्या थोडक्यात आणि यमक जुळवून आहारशास्त्र मांडलेलं कोणी ऐकलं नव्हतं. मागच्या रांगेतून, पुन्हा एकदा सावकाश सांगा, अशी मागणी आली. पण रामनाथचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने नारळ खुर्चीवर ठेवला होता, पाकिटाचा कोपरा दातांनी फाडला होता, आणि तिथेच, मंचावर, शाल खांद्यावर असताना, तो चिवडा खाऊ लागला होता. मूठ भरायची, तोंडात टाकायची, पुन्हा मूठ भरायची. घाईने नाही, पण थांबतही नव्हता. कोणाला हरकत घेता येईना, कारण चिवडा तक्त्यात होता. भूपेशभाई माईक धरून उभे राहिले. सभा चार-पाच मिनिटं कुरकुरीत आवाज ऐकत बसली. पाकीट संपल्यावर त्याने ते उलटं करून तळहातावर झटकलं, तळहातावरचा मीठ-मसाला जिभेने टिपला, आणि रिकामं पाकीट घडी घालून खिशात ठेवलं, कारण अंगणात कचरा टाकायला मनाई होती.

तळवडेकर पहिल्या रांगेत होते. आभारप्रदर्शन त्यांच्याकडे होतं. ते उठले, त्यांनी खिशातून कागद काढला, आणि त्यांना पहिल्या ओळीच्या पुढे वाचता येईना. त्यांना एकाएकी ती केबिन दिसली, दुपारी एक वाजताची, समोरासमोर बसलेली दोन माणसं आणि मधे उघडा डबा. हे त्यांनी सहा वर्षं रविवारी येता-जाता पाहिलं होतं. पाहिलं होतं, हेच त्यांना आत्ता कळत होतं. काचेवरचा परिपत्रकाचा कागद त्यांच्या सहीचा होता.

सभा पांगल्यावर ते गेटवर गेले आणि रामनाथला म्हणाले, "तू मला सांगायचं नाहीस का?"

"तुम्हीच कागद दिलाव ना साहेब," रामनाथ म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला ठावं हाय."

तळवडेकरांनी समितीपुढे ठराव आणला: परिपत्रक अकरा मागे घ्यावं आणि वॉचमनला जेवायला अर्धा तास सुट्टी द्यावी. पहिला भाग उपसमितीकडे गेला. (उपसमिती अजून नेमायची आहे.) दुसरा भाग तत्त्वतः मंजूर झाला, मात्र तेवढा वेळ एखाद्या सभासदाने गेटवर उभं राहावं, अशी अट पडली. इच्छुकांनी नावं लिहावीत म्हणून कोरा कागद लावला. अठ्ठेचाळीस घरांतून दहा दिवसांत एकच नाव आलं: सौ. सुचेता तळवडेकर, ए/२०४.

सुचेता दुपारी एक वाजता मेथीची जुडी घेऊन केबिनमध्ये बसायची आणि येणाऱ्या गाड्यांना पानं निवडता निवडता गेट उघडायची. पहिल्या दिवशी रामनाथ नाक्यावर जाऊन दहा मिनिटांत परत आला. वडापाव खाल्ला, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने त्याला वर जायला सांगितलं, दार नुसतं लोटलंय, ओट्यावर ताट झाकून ठेवलंय म्हणाली. भाताखाली बोंबील होते, बाजारातून आणलेले. खाऊन खाली आल्यावर रामनाथने तिला सांगितलं की मच्छी कालची होती. पण तुम्ही केलीत बरी, वहिनी, असंही म्हणाला.

हे फार दिवस चाललं नाही. सभासद बाईने केबिनमध्ये बसणं संस्थेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असं निनावी पत्र आलं (सुवाच्य अक्षरात, ए विंगमधून). ऑक्टोबर संपता संपता रामनाथनेच नोकरी सोडली. मीरा रोडला एका टॉवरवर काम मिळालं होतं आणि कृष्णाबाईची फेरी त्याच रस्त्याने होती. जाताना त्याने कपाटाची किल्ली तळवडेकरांच्या हातात दिली, आणि काचेवरचं परिपत्रक कोपऱ्याला सुटत आलंय, तेवढं बघा, असं सांगून गेला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तळवडेकर पिशवी घेऊन रिक्षाने मीरा रोडला गेले. कृष्णाबाई एका टॉवरच्या कुंपणाला टेकून बसली होती, पुढे टोपली, टोपलीत ताजी, चकचकीत सुरमई. ते वाकले आणि कशी दिलीस, असं नेहमीच्या सुरात विचारलं. तिने त्यांना ओळखलं. माशांवर पाणी शिंपडलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या कागदावर मच्छी न्हाय ना, शेठ? मंग ताटात कशाला?"

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती त्यांना शेठ म्हणाली होती. मागचं गिऱ्हाईक पुढे सरकलं, तसे तळवडेकर बाजूला झाले. घरी सुचेताने रिकामी पिशवी पाहिली आणि पिठलं टाकलं. ते त्यांनी वेळेवर, भुकेइतकं आणि सावकाश चावून खाल्लं. शास्त्राप्रमाणे ते जेवण जवळजवळ निर्दोष होतं.

दरम्यान समितीने रामनाथचं भाषण वाया जाऊ दिलं नाही. 'रामनाथ पद्धत' या नावाने त्याची पुस्तिका निघाली. सकाळी: चहा, एक कप. दुपारी: निरंक. रात्री: उपलब्धतेनुसार. व्यायाम: बारा तास, उभ्याने. नीलिमा मॅडमनी तिला प्रस्तावना लिहायला नकार दिला, ती तळवडेकरांच्या नावाने छापली गेली. तळवडेकरांनी हरकत घेतली, पण ती मुदतीनंतर आली. पुस्तिकेच्या दोन आवृत्त्या खपल्या.

ही हकीकत जिथे जिथे सांगितली जाते, तिथे ऐकणारे हळहळतात, रामनाथचं फार वाईट झालं म्हणतात, आणि मग जरा घुटमळून, दुसरीकडे बघत, हळूच विचारतात, की पण नक्की किती किलो उतरलं त्याचं? सुज्ञ वाचकांनीही तो आकडा कुठे सुटला का, म्हणून मघाशी एकदा वर नजर टाकली असेल. सुटलेला नाही. दिलेलाच नाही. ज्यांना तो हवाच असेल, त्यांनी दुपारी एक ते दीडच्या दरम्यान आपल्याच इमारतीच्या गेटवर जाऊन चौकशी करावी. माणूस जागेवर भेटेल. त्याला गेट सोडता येत नाही.